मुरमाड अंगणात विष्णुक्रांत कशी लावावी

घर बांधून झालं की अंगणात उरतो मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंट लागलेली वाळू. मग आपण ट्रकभर पोयटा मागवतो, त्यावर लॉन अंथरतो आणि पुढची कित्येक वर्षं त्या लॉनला पाणी पाजत बसतो. उन्हाळ्यात दख्खनच्या कोरड्या हवेत हिरवळीतून दिवसाला साधारण ५ ते ६ मिलिमीटर पाणी उडून जातं. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे १०० चौरस फुटांच्या छोट्याशा तुकड्याला रोज ४५ ते ५५ लिटर पाणी हवं. एप्रिल-मे महिन्यांत सोसायटीत टँकर येत असताना हे पाणी लॉनवर ओतवत नाही. माझ्याच्याने तरी ओतवलं नाही.

माझं अंगण पुण्यात, टेकडीच्या पायथ्याशी आहे. लॉन वाळलं त्या वर्षी पावसाळ्यात टेकडीवर फिरताना पायवाटेच्या कडेला, जिथे दगडगोट्यांशिवाय काही नाही अशा जागी, विष्णुक्रांत फुललेली दिसली. वाटीएवढ्या जागेत पंधरा-वीस निळी फुलं होती. तिला कोणी पाणी घालत नव्हतं, कोणी खत घालत नव्हतं. तिच्या पायाखाली होता तोच मुरूम, जो मी पैसे मोजून अंगणातून उचलून टाकला होता.

त्यानंतर तीन-चार वर्षं धडपडून जे हाती लागलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी रोप ओळखा

नर्सरीत जाऊन 'विष्णुक्रांत द्या' म्हणालात तर बहुतेक वेळा तुमच्या हातात दुसरंच रोप येईल. त्या दुसऱ्या रोपाचं फूल जवळजवळ इंचभर रुंद, गडद निळं असतं, पानं मोठी आणि मऊ, झुडूप फूटभर उंच. ती मूळची ब्राझीलची, 'ब्लू डेझ' नावाने जगभर विकली जाते. आपल्या विष्णुक्रांतेची ती बहीण आहे, कुंडीत सुरेख दिसते, पण तिला पाणी जास्त लागतं आणि कोरड्या मुरमात ती तग धरत नाही. अंगणात लावायची ती ही नव्हे.

आपली रानातली विष्णुक्रांत अंगाने बारीक. जमिनीतल्या एका लाकडी गड्ड्यापासून सुतळीसारख्या फांद्या चहूबाजूंना वीतभर ते हातभर जमिनीसरशी पसरतात. पानं एक-दोन सेंटिमीटरची, एकाआड एक लागलेली, कडेला दाते नसलेली, आणि दोन्ही बाजूंनी रेशमी केसांनी झाकलेली. सकाळी दव पडलं की सगळं झाड रुपेरी दिसतं. ही लव म्हणजे तिची छत्री आहे, कडक उन्हात पानातून उडणारं पाणी ती रोखते. फूल सहा ते आठ मिलिमीटरचं, फिकट निळं, मधोमध पांढरट.

एकदा भिंग घेऊन जवळून बघा. फूल पाच पाकळ्यांचं वाटतं, पण खरं तर पाकळ्या जुळून एकच बशी झालेली असते आणि तिला छत्रीसारख्या पाच घड्या असतात. मधोमध दोन परागवाहिन्या, म्हणजे फुलाच्या स्त्रीभागाच्या बारीक नळ्या, निघतात आणि प्रत्येक पुन्हा दुभंगते, म्हणजे टोकाला चार धागे दिसतात. गारवेल आणि हरणखुरी तिच्याच कुळातल्या, पण त्यांच्या फुलात परागवाहिनी एकच असते. शिवाय त्या दोघी आधाराला वळसे घालत चढतात, ही कधीच चढत नाही. लिनियसने १७५३ मध्ये तिला हरणखुरीच्या प्रजातीत घातलं होतं, आणि १७६२ मध्ये इव्हॉल्व्ह्युलस या वेगळ्या प्रजातीत नेलं. या लॅटिन नावाचा अर्थच 'उलगडलेली', म्हणजे वेटोळे न घालणारी. तिचं शास्त्रीय नाव इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस. बी किंवा रोप मागवायचं असेल तर याच नावाने मागा.

नावांचा आणखी एक घोळ आहे. गणपतीच्या २१ पत्रींमध्ये विष्णुक्रांत आहे, पण बाजारातल्या पत्रीच्या जुडीत मला तिच्या नावाखाली निळ्या गोकर्णाची पानं मिळाली आहेत. शंखपुष्पी हे नाव तर कुठे गोकर्णाला, कुठे विष्णुक्रांतेला आणि उत्तरेत तिसऱ्याच एका पांढरट फुलाच्या वनस्पतीला लावतात. म्हणून एक कळकळीची विनंती: अंगणात लावा, बघत बसा, पण औषध म्हणून परस्पर चघळू नका.

जागा कशी हवी

दिवसाला निदान सहा तास थेट ऊन हवं. सावलीत फांद्या लांबतात, फुलं येत नाहीत. पूर्वेचं अंगण सर्वांत चांगलं, कारण फूल सकाळी उमलतं आणि दुपार व्हायच्या आत मिटून जातं. ज्या घरातली माणसं आठ वाजता बाहेर पडतात आणि संध्याकाळी परततात, त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. रविवारी सकाळीच त्यांना ती दिसेल.

पाय पडणारी जागा टाळा. ही लॉनची बदली नाही, तिच्यावर मुलांना क्रिकेट खेळता येणार नाही. येण्याजाण्याच्या वाटेवर शहाबादीचे तुकडे टाका आणि मधल्या फटींतून तिला पसरू द्या, ते दिसतंही छान.

जमीन मुरमाड, दगडगोट्यांची, पाणी न धरणारी हवी. खड्डा घेऊन परीक्षा करा. फूटभर खोल खणा, काठोकाठ पाणी भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन-तीन तासांत जिरलं तर जागा चालेल. रात्रभर राहिलं तर गड्डा कुजणार.

काळी चिकण माती असेल तर तिच्यात थेट लावू नका. ती पावसात फुगते, पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. अशा ठिकाणी शहाबादी किंवा दगडांची हद्द घालून वर निदान अर्धा फूट मुरमाचा थर चढवा, नऊ इंच असेल तर आणखी बरं. थर कडेला थोडा उतरता ठेवा.

माती सुधारू नका

हे वाचून बागकाम करणाऱ्यांना पटकन पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी निम्म्या जागेत हौसेने कुजलेलं शेणखत मिसळलं. ऑगस्टपर्यंत तिथल्या विष्णुक्रांतेच्या फांद्या हिरव्यागार, लुसलुशीत, पण लोळलेल्या होत्या, फुलं नावापुरती. आणि शेणखताबरोबर जे गवत उगवलं त्याने सप्टेंबरात तिला पुरतं गिळून टाकलं. शेजारच्या, खत न घातलेल्या मुरमात झाडं लहान होती, पण दाट होती आणि फुलांनी भरली होती.

कारण साधं आहे. ही वनस्पती गरीब जमिनीत जगायला शिकलेली आहे. तिथे तिच्याशी भांडायला दुसरं कोणी येत नाही. तुम्ही जमीन श्रीमंत केलीत की ज्यांना श्रीमंती पचते ती गवतं धावत येतात, आणि उंचीच्या शर्यतीत ही बुटकी हरते. म्हणून शेणखत नको, गांडूळखत नको, युरिया तर अजिबात नको. पोयटाही नको. पोयट्याच्या मातीतून अंगणात लव्हाळ्याचे गड्डे येतात, आणि एकदा आलेला लव्हाळा घालवायला वर्षं जातात.

लव्हाळ्याचा बंदोबस्त

लावणीच्या आधी मार्च ते मे जमिनीवर एवढंच एक काम आहे, पण सगळं यश त्याच्यावर आहे.

लव्हाळा आणि हराळी वरून उपटून जात नाहीत. लव्हाळा जमिनीखाली माळेसारखे गड्डे धरतो, एक तोडला तर बाजूचे जागे होतात. प्लास्टिक अंथरून जमीन तापवण्याचा उपाय वरवरच्या तणांच्या बियांना चांगला लागू पडतो, पण खोलवरचे गड्डे त्यातून वाचतात. जुने पुठ्ठे अंथरले तर लव्हाळ्याचा टोकदार कोंब ते भोसकून वर येतो. मला उपयोगी पडली ती ही पद्धत: मार्चमध्ये जागा फूटभर खणून माती चाळा, गड्डे आणि हराळीची कांडी वेचून काढा. मग एकदा भरपूर पाणी द्या. आठ-दहा दिवसांत उरलेले गड्डे कोंब फोडतात. प्रत्येक कोंबाखाली खुरपं खोल घालून गड्ड्यासकट काढा. पुन्हा पाणी, पुन्हा काढणी. असे तीन फेरे मेअखेरपर्यंत होतात. तिसऱ्या फेरीत चार-सहाच कोंब निघाले तर जागा लावणीजोगी झाली. भरभरून निघाले तर या वर्षी लावू नका, एक पावसाळा आणखी काढणीला द्या. घाई केली तर पुढे विष्णुक्रांतेच्या गड्ड्यांमधून लव्हाळा उपटताना दोन्ही हाती येतात.

काढलेले गड्डे कंपोस्टात टाकू नका. उन्हात फरशीवर पातळ पसरून पूर्ण वाळवा.

बी कुठून आणावं

टेकडीवरून रोपं उपटून आणू नका. त्या लाकडी गड्ड्याखाली मूळ खोल गेलेलं असतं, खणताना ते तुटतं आणि मोठं झाड पुन्हा लागत नाही. टेकडीवरचं एक गेलं आणि अंगणातही काही आलं नाही, एवढंच होतं. वनखात्याच्या जमिनीवरून वनस्पती उचलणं कायद्यातही बसत नाही. स्वतःच्या शेताचा बांध, ओळखीच्यांचं माळरान, किंवा बांधकाम सुरू होणार असलेला प्लॉट (मालकाला विचारून) ही बी गोळा करायची योग्य ठिकाणं. आमच्याजवळचा एक प्लॉट खणायच्या आदल्या आठवड्यात मी परवानगी काढून तिथलं बी गोळा केलं. आज तिथे पार्किंग आहे, आणि त्या जागेच्या विष्णुक्रांती माझ्या अंगणात आहेत.

फुलं जुलैपासून डिसेंबरपर्यंत येत राहतात, त्यामुळे बोंडंही एकदम पिकत नाहीत. ऑक्टोबर ते डिसेंबर हा गोळा करायचा काळ. फूल गळल्यावर देठ खाली वळतो आणि तीन-चार मिलिमीटरचं गोल बोंड लोंबतं. हिरवं असेल तर राहू द्या. तपकिरी होऊन बोटाने दाबताच फुटलं तर पिकलं. एका बोंडात जास्तीत जास्त चार बिया. झाडाखाली कागद सरकवा आणि फांदी हलकेच चोळा. एका झाडावरचं सगळं बी घेऊ नका, चार-पाच झाडांवरून थोडं थोडं घ्या. त्यामुळे अंगणात वेगवेगळ्या जोमाची झाडं मिळतात. घरी आठवडाभर सावलीत वाळवून कागदी पाकिटात तारीख घालून ठेवा.

बी जागं करणं

या कुळातल्या बियांचं कवच टणक असतं, पाणी आत शिरत नाही. तसंच पेरलं तर थोडंफार उगवतं आणि बाकीचं जमिनीत पडून राहतं. रानात हाच तिचा विमा आहे: एका वर्षी पाऊस फसला तरी पुढच्या वर्षासाठी बी शिल्लक असतं. अंगणात आपल्याला ते एकत्र उगवायला हवं असतं.

सँडपेपरचे दोन तुकडे घ्या, मध्ये चिमूटभर बी ठेवा आणि आठ-दहा वेळा हलक्या हाताने घासा. चकाकी जाऊन बी मळकट दिसलं की पुरे. मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सकाळी फुगलेलं बी पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा. सँडपेपर नसेल तर उकळून दोन मिनिटं खाली उतरवलेलं पाणी बियांवर ओता आणि तसंच रात्रभर राहू द्या, पण गॅसवर ठेवून बी शिजवू नका.

पेरणी फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये करा. कागदी कप किंवा धुतलेल्या दुधाच्या पिशव्या चालतात, तळाला भोकं पाडा. मिश्रण: दोन भाग चाळलेला मुरूम, एक भाग वाळू, एक भाग अंगणातलीच माती. बी पाव इंच खोल, एका कपात तीन-चार. पाणी तळातून द्या, परातीत पाणी ठेवून त्यात कप उभे करा, वरून ओतलं तर बारीक बी वाहून जातं. उगवण आठ-दहा दिवसांत सुरू होते आणि महिनाभर चालू राहते, म्हणून रिकामे कप लगेच फेकू नका. रोपं तीन इंचांची झाली की प्रत्येक कपात एकच ठेवा.

कलमाच्या कांड्याही लागतात, पण यश कमी. जुलैमध्ये न फुललेल्या फांदीचे तीन इंची तुकडे ओल्या वाळूत लावले तर माझ्याकडे निम्मेसुद्धा जगले नाहीत.

लावणी

मृग लागला, चांगले दोन पाऊस झाले आणि मुरूम वीतभर ओला झाला की लावा. मृगाच्या आधीच्या वळवाच्या सरींवर विसंबू नका.

अंतर नऊ इंच, एका ओळीतली रोपं दुसऱ्या ओळीतल्या दोन रोपांच्या मध्ये येतील अशी तिरपी मांडणी. १०० चौरस फुटांना अशी १७५ ते २०० रोपं लागतात. एवढी रोपं नसतील तर जागा लहान घ्या, अंतर वाढवू नका. मोकळ्या जागेत तण शिरतं, विष्णुक्रांत नंतर तिथपर्यंत पोहोचत नाही. ही वनस्पती फांदीच्या पेरापेराला मुळं धरत नाही, ती एका गड्ड्यावरूनच पसरते, हे कायम लक्षात ठेवा.

रोप कपातल्या मातीसकट लावा, मूळ न हलवता. मान, म्हणजे खोड आणि मूळ जुळतं ती जागा, जमिनीच्या पातळीला किंवा जराशी वर ठेवा. सगळी रोपं लावून झाली की मधल्या जागेत दगडाच्या बारीक कचाचा एक इंच जाडीचा थर पसरा. १०० चौरस फुटांना साधारण आठ घनफूट कच लागतो, म्हणजे ब्रासाचा बारावा हिस्सा. पालापाचोळ्याचं आच्छादन इथे नको, ते पावसात कुजून मानेला चिकटतं. कच मात्र पावसाच्या थेंबांनी माती उडू देत नाही, फांद्या कोरड्या ठेवतो आणि खालची ओल धरतो.

पहिला पावसाळा

जुलै आणि ऑगस्टमध्ये दर आठवड्याला अर्धा तास बसून निंदणी करायची. यातून सुटका नाही. केना, एकदांडी, घोळ, गाजर गवत असं सगळं उगवतं. गाजर गवत फुलायच्या आधी मुळासकट काढा, हातमोजे घालून. नायटीचं रोप लहानपणी विष्णुक्रांतेसारखंच जमिनीसरशी पसरतं. फरक सोपा आहे: नायटीची पानं समोरासमोर आणि दातेरी, तोडली की पांढरा चीक येतो. विष्णुक्रांतेची पानं एकाआड एक, रेशमी, बिनदात्यांची. मी एका कपात मुद्दाम दोन रोपं वेगळी ठेवली होती, निंदताना शंका आली की त्यांच्याशी ताडून बघायचो.

गोगलगायी कोवळी रोपं एका रात्रीत साफ करतात. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन वेचा. मीठ टाकू नका, ते जमिनीला नडतं.

पावसाने ओढ दिली, आठ-दहा दिवस सर आली नाही, तर एकदा खोलवर पाणी द्या. रोज शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि उन्हाळ्यात झाड जातं.

पहिल्या वर्षी फुलं येतील, पण जमीन झाकली जाणार नाही. मधला कच दिसत राहील. या टप्प्यावर बरेच जण नाराज होऊन वर दुसरं काहीतरी लावतात. थांबा.

उन्हाळा आणि पुढे

फेब्रुवारीपासून झाड आवरतं घेतं. पानं बारीक होतात, काही फांद्या वाळतात, एप्रिलमध्ये जागा तपकिरी दिसते. ती मेलेली नसते. खात्री करायची तर गड्ड्याजवळ नखाने साल किंचित खरवडा, आत हिरवट-पांढरं आणि ओलसर असेल तर जिवंत आहे. पहिल्या उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्या, सूर्य मावळल्यावर. दुसऱ्या उन्हाळ्यापासून पंधरा-वीस दिवसांतून एकदा पुरे, तेही हिरवेपणा हवा असेल तर. १०० चौरस फुटांना एका वेळी १०० ते १५० लिटर दिले की पाणी गड्ड्याखाली पोहोचतं.

मेअखेरीस कात्रीने वाळलेल्या फांद्या जमिनीपासून दोन बोटं वर कापा. पहिल्या पावसानंतर गड्ड्यातून एकाच्या जागी चार-पाच नवे कोंब फुटतात, आणि मग दुसऱ्या पावसाळ्याच्या मध्यावर फांद्या एकमेकींत गुंततात. त्या वर्षीच्या श्रावणात सकाळी साडेआठला मी पायरीवर चहा घेऊन बसलो होतो. कच दिसत नव्हता. फुलोरी माश्या आणि बारीक निळी फुलपाखरं इतकी खालून उडत होती की जमीनच हलल्यासारखी वाटत होती.

सोबतीला काय लावावं? पाणी थोडं साठणाऱ्या कोपऱ्यात, नळाच्या कडेला जलपिंपळी. ती पेरापेराला मुळं धरते, म्हणून तिला दगडांची हद्द घाला, नाहीतर विष्णुक्रांतेवर चालून येते. दगडांच्या फटीत आभाळी आणि काळी मुसळी पावसाळ्यात वर येतात आणि हिवाळ्यात गड्ड्यात झोपतात, त्यांचा हिला त्रास नाही.

तिसऱ्या वर्षापासून शहाबादीच्या फटींत आपोआप पडलेल्या बियांची रोपं दिसू लागतील. ती दोन इंचांची असताना, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, खालच्या मुरमासकट चमच्याने उचलून कपात भरा. पंधरा दिवस सावलीच्या कडेला ठेवली की शेजाऱ्यांना द्यायला तयार. देताना सांगा, कुंडीत लावायची तर उथळ आणि रुंद कुंडी घ्या, आणि नर्सरीतली खतमाती भरू नका. मी प्रत्येक रोपाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत पसाभर मुरूमही देतो.